त्याच मॉडेलची बॅटरी

श्रीरंगच्या छातीतलं यंत्र त्याच्या जुन्या मोबाइलशिवाय कुणाचंच ऐकत नसे. मोबाइल बंद पडला की हृदयही थांबणार, आणि कंपनीने ते मॉडेल बनवणं कधीच सोडून दिलेलं.

"बॅटरी फुगलीय, वहिनी," दुरुस्तीवाले शौकतभाई श्रीरंगच्या बायकोला, रेवतीला म्हणाले. "फार तर आठवडा काढेल. नवी मिळत नाही. कुणी गेलं, की राख सावडून येताना घरचे त्याचा मोबाइल इथं देऊन जातात, तेवढाच आधार."

त्या संध्याकाळपासून रेवती शेजारच्या अनसूयाकाकूंना पेज नेऊन देऊ लागली. काकू अंथरुणाला खिळलेल्या, आणि उशाशी चार्जरला लावलेला त्याच मॉडेलचा मोबाइल. "सख्खी लेकही इतकं करणार नाही," त्यांची सून येईल त्याला सांगायची. रेवतीची नजर मात्र काकूंच्या चेहऱ्यावरून उशाकडे घसरायची, आणि घरी आल्यावर तिला घास गिळवत नसे.

शनिवारी ती गेली, तर काकू उठून बसल्या होत्या. त्यांनी पेजेची वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

"आज बरं वाटतंय गं," त्या हळूच म्हणाल्या. "तुला उगाच खेप पडली."