उतारावरची शांतता

टेकडीवरचे वर्कशॉप वाचायचे असेल, तर मागच्या सीटवर बसलेल्या बाईंनी आज भांडवल द्यायला होकार देणे भाग होते. म्हणूनच आपली तीनचाकी बॅटरीगाडी दाखवायला इंजिनिअरने मुद्दाम उताराचा रस्ता निवडला. निघताना बायकोने कानाशी कुजबुजून चिमटाही काढला होता, "उतारावर काय हो, भोपळासुद्धा पळतो!"

पहिल्याच वळणावर हँडलसमोरचा डिस्प्ले काळवंडला आणि मोटर बंद पडली. गाडी मात्र थांबली नाही. उताराने तिला कडेवर घेतले होते. वेग घटला तर मधेच सोंग उघडे पडणार, म्हणून ब्रेककडे धावणारा पाय तो दर वळणाला आवरून धरत होता. आडव्या आलेल्या हातगाडीला त्याने जीव मुठीत धरूनच चुकवले.

"अहो, चालू आहे ना गाडी?" मागून बाईंनी विचारले. "काहीच आवाज नाही हिचा!"

"तीच तर हिची खुबी, बाई," पुढच्या वळणावर हँडल वळवत तो म्हणाला.

पायथ्याच्या बाजाराशी उतार संपला आणि गाडी आपसूक विसावली. बाई खाली उतरल्या, टपावरून मायेने हात फिरवत म्हणाल्या, "इतकी शांत गाडी जन्मात पाहिली नाही मी. ठरलं, मी तुमच्याबरोबर आहे."

त्याच्या जिवात जीव आला. तेवढ्यात बाई पुन्हा सीटवर ऐसपैस बसल्या.



"चला, घ्या आता वर. तुमच्या बायकोसमोरच सह्या करू."