थांब्याचं नाव
कंडक्टरनं थांब्याचं नाव पुकारायला तोंड उघडलं आणि तो अडखळला. कालच नगरपालिकेनं तिथली धर्मगुरूंच्या नावाची पाटी उतरवली होती. खुनी पुतण्याला प्रार्थनाघरात लपवून त्यांनी पोलिसांना खोटं सांगितल्याचं उघडकीला आलं होतं. “अरे, ओरड की!” ड्रायव्हर खेकसला. “काय डोंबल ओरडू? नावच नाही!” “जुनी विहीर!” मागून कुणीतरी मूळ नाव खणखणीत पुकारलं. ज्यांचा मुलगा त्या पुतण्यानं मारला, त्या शिक्षिका उभ्या होत्या. घर याच थांब्यावर, पण खुन्याला धर्मगुरूंनीच लपवलं हे पहिल्यापासून ओळखून, त्यांचं नाव तोंडी नको म्हणून वर्षानुवर्षं आदल्या थांब्याचं तिकीट काढून उन्हातान्हात चालत जाणाऱ्या. कंडक्टरनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. “जुनी विहीर!” तो बेंबीच्या देठापासून ओरडला. बाई उतरल्या. त्यांनी घराचं दार उघडेपर्यंत बेल मारायला त्याचा हात उठेना. हॉर्नबहाद्दर ड्रायव्हरनं तर इंजिनच बंद केलं.