एक नंबरचं बटण

भावानं फोन उताणा ठेवला, तिथंच चुकलं त्याचं. पडदा उजळलेला, घरच्यांचा ग्रुप उघडा, निरोप अर्धा लिहिलेला. दारावरची घंटा वाजली तसा तो उठला. "दुकानाची पाटी आली वाटतं," असं म्हणून जाता जाता त्यानं ताईच्या गालाला हात लावला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडला, "बस हं ताई! आलोच!"

ताईला चांगलं ऐकू येत होतं. आजारानं तिची जीभ नेली होती आणि हातांना थरथर लावून दिली होती. डोकं मात्र शाबूत होतं.

तिनं मान पुढे काढून वाचलं. वर तिचाच फोटो, "हास ना जरा" म्हणत थोड्या वेळापूर्वी काढलेला. खाली त्याचा अर्धा निरोप: 'ताई फार खूश आहे. तिचीच इच्छा होती की चष्म्याचं दुकान आता मी'

दुकान तिनं उभं केलं होतं. अर्ध्या गावाच्या नाकावर तिनं बसवलेला चष्मा होता. पण ती आजारी पडल्यापासून भाऊच तिच्या नावानं बोलत आला होता. ताईला प्रवास झेपत नाही. ताईला कुणी भेटायला आलेलं आवडत नाही. ताई म्हणते, तूच बघ आता सगळं. तो वाट्टेल ते तिच्या तोंडी घालायचा आणि नाही म्हणायला तिला तोंडच नव्हतं. तिच्या आत जे साचलं होतं त्याला दुःख म्हणणारे म्हणोत. तो राग होता, चांगला मुरलेला, आणि तिला तो आवडायला लागला होता.

खुर्चीच्या फळीवर कीबोर्ड होता. मावशीनं खास तिच्यासाठी धाडलेला. फोनच्या काचेवर तिचं बोट ठरायचं नाही. एक अक्षर लिहायला जावं तर पाच उमटायची आणि वर भलत्यालाच फोन लागायचा. कीबोर्डवर मात्र भोकाभोकांची जाळी बसवली होती. तिच्यावर हात टेकवून एकेका भोकातून एकेक बटण दाबता यायचं. आल्या आल्या भावानं तो स्वतःच वापरायला घेतला होता, "चालतो का बघतो" म्हणत. शेवटी व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी तो त्याच्याकडून मागून घेतला आणि ताईच्या फोनला जोडून दिला.

"हे दोन नंबरचं बटण दाबलं की लिहिलेलं उमटेल तो तुमचा फोन," बाई म्हणाल्या होत्या. "एक नंबरवर भाऊंचाच राहिलाय. काढून टाकू?"

ताईनं मान हलवली होती. नको.

बाहेर भाऊ आणि वहिनी नवी पाटी निरखत होते. "माझं नाव अजून जरा मोठं चाललं असतं," भाऊ पाटीवाल्याला सांगत होता.

ताईनं एक नंबरचं बटण दाबलं.

आधी त्याचा निरोप खोडला. मग लिहायला लागली. तिच्या फोनवर बटण थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नसे, तशी सोय बाईंनी करून दिली होती. भावाच्या फोनला असली दयामाया नव्हती. त्यानं हाताची थरथर न् थरथर टिपली. 'ततताई' झालं. तिनं खोडलं. डाव्या हातानं उजवं मनगट गच्च धरलं. पुन्हा तेच. पुन्हा खोडलं. बाहेर पाटीवाला खिळे कुठे ठोकायचे ते विचारत होता. विचार बाबा, ती मनात म्हणाली, सावकाश विचार.

'ताईनं दुकान दिलेलं नाही. मी घेतलं. ती नाही म्हणत होती.'

वाचून बघितलं. एंटर दाबला.

भाऊ आत आला तेव्हा फोन एकसारखा टिणटिणत होता. अभिनंदन आलं असणार म्हणून त्यानं हसतच उचलला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे कुणी... हे मी कुठं लिहिलं?"

खुलासा करायला त्यानं घाईघाईनं पडद्यावर बोट टेकवलं. अक्षरंच उगवेनात. अंगठा दाबला, मग ठोकला. काही नाही. बाहेरचा कीबोर्ड जोडलेला असला की काचेवरची बटणं येत नाहीत, हे त्याला आठवायला थोडा वेळ लागला. मग त्यानं मान वर केली.

"ताई," तो म्हणाला. आता आवाज चढलेला नव्हता. "तो कीबोर्ड दे."

ताईनं दोन्ही हात जाळीवर ठेवले. हात थरथरत होते, पण हटत नव्हते.

"अगं दे ना! सगळ्यांनी वाचलंय. मी काय सांगू त्यांना?"

"काय वाचलंय?" पाटी छातीशी धरून वहिनीनं विचारलं.

तेवढ्यात त्याच्या हातातला फोन वाजायला लागला. मावशी. तिच्यापुढे मान वर करून बोलायची घरात कुणाची छाती नव्हती, आणि समोरच्यानं उचलेपर्यंत ती फोन ठेवायची नाही. भाऊ नुसता बघत राहिला.

ताईनं दोन नंबरचं बटण दाबलं. एकेक अक्षर नीट धरून धरून लिहिलं. तिच्या फोननं ते यंत्रातल्या बाईच्या सपाट, कोऱ्या आवाजात वाचून दाखवलं.

"उचल ना. की तुझ्या वतीनं मीच बोलू?"