मिठागराची फळी

मुळं काळी पडली होती. परवापर्यंत टोकाला हिरवी होती, आणि आज बघावं तर करपलेल्या शेवया. जागृतीने वाकून पुन्हा बघितलं.

सीतेची वेणी म्हणजे काही कुंडीतला मोगरा नव्हे, की एक मेला तर नर्सरीतून दुसरा आणला. मुरबाडला तिच्या माहेरचं दारातलं आंब्याचं झाड रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं, तेव्हा पडलेल्या फांदीवरून तिने ही आमरी, म्हणजे ऑर्किड, सोडवून आणली होती. तीन रोपं आणली, दोन गेली. ही शेवटची. हिला माती चालत नाही, धरायला लाकूडच लागतं. आणि वर्तकनगरच्या सातव्या मजल्यावर लाकूड कुठलं? कपाटं प्लायवूडची, दारं प्लायवूडची, देव्हारासुद्धा प्लायवूडचा.

तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, गोपीनाथआप्पांनी, पलंगाखालून एक फळी काढून दिली होती. हातभर लांब, एका कडेने झिजलेली. आप्पांचे वडील खाडीवरच्या मिठागरात चाळीस वर्षं याच फळीने मीठ ओढायचे. मिठागर गेलं, वडील गेले, फळी राहिली. "बांडगूळ तर बांडगूळ, बांध हिच्यावर," आप्पा म्हणाले होते. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्यांनी आपणहून सुनेच्या हातात काही ठेवलं ते हेच. जागृतीने मासे धरायच्या बारीक तंगूसने रोप फळीवर बांधलं आणि दीड महिना डोळ्यांत तेल घालून जपलं.

आता काय करावं? रोप सोडवलं तर आप्पांना वाटणार, सुनेने फळी नाकारली. नाही सोडवलं तर हे चार दिवसांत खलास. ती कात्री घेऊन बाल्कनीत नुसतीच उभी राहिली.

"काय झाला गो?" आप्पा चहाचा कप घेऊन मागे आले.

"मुळं जळली, आप्पा. माझंच पाणी जास्त झालं असेल."

आप्पा वाकले. ओल्या फळीवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"तुजा पानी नाय. मीठ हाय यो. माज्या बापसाचा चालीस वर्सांचा मीठ मुरलाय हिच्यात. आनि मी शाना, तुज्या म्हायेरचा झाड आनून मिठात घातला."

कात्री त्यांनीच घेतली. तंगूस कापली, रोप तिच्या हातात दिलं आणि फळी बादलीत बुडवली. "आज ना उद्या सुटंल," म्हणाले.

रोप जाळीच्या टोपलीत टांगलं गेलं. मग रोज सकाळी एकच कार्यक्रम. आप्पा बादलीत बोट बुडवून चाखायचे, "अजून हाय" म्हणायचे, आणि जागृती ते पाणी ओतून नवं भरायची. "आप्पा, पाणी तपासायचं दुकान टाका, अख्खं ठाणं येईल," असं तिचा नवरा दिपेश एकदा बोलून गेला. आप्पांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की बिचारा डबा न घेताच कामावर पळाला.

विसाव्या दिवशी रोपाला नवं मूळ फुटलं. तांदळाच्या दाण्याएवढं, हिरव्या टोकाचं. आता हयगय करून चालणार नव्हतं, कारण नवं मूळ ज्याला टेकतं त्यालाच चिकटतं. टोपलीला चिकटलं की पुढे तोडूनच काढायचं. जागृतीने बादलीत बोट बुडवून चाखलं. गोडं पाणी! फळी उचलून कडेला जीभ लावली. लाकूड, नुसतं लाकूड.

"आप्पा, या लवकर!" ती आनंदाने ओरडलीच.

आप्पा आले. बोट बुडवलं, चाखलं. पुन्हा बुडवलं. मग फळीच्या झिजलेल्या कडेवरून हात फिरवत राहिले.

"हाय गो अजून," ते हळूच म्हणाले. "जरा हाय."

जागृती बोलायला गेली. पण त्यांचा हात काही फळीवरून निघेना. वडिलांचं मीठ संपलं, असं ते म्हणणार नव्हते.

"हो आप्पा. मलाही लागलं जरासं," ती म्हणाली. पाणी ओतून दिलं आणि बादली पुन्हा नळाखाली धरली.

मग ती स्वयंपाकघरात गेली. फळी सोडली तर अख्ख्या घरात खरं लाकूड एकच होतं, रोजच्या हातातलं म्हणून तेव्हा सुचलं नव्हतं. लग्नात आलेला सागवानी पोळपाट तिने गरम पाण्याने खसाखसा धुतला, बाल्कनीत आणला, उलटा केला आणि तीन पायांच्या मधोमध सीतेची वेणी बांधली. नवं मूळ अलगद लाकडाला टेकवलं.

आप्पा बाजूला उभे राहून सगळं बघत होते.

"यो चाखलास ना?"

"चाखला. अळणी आहे."

"आनि चपात्या कशावर लाटशील?"

"ओट्यावर."

आप्पांनी पोळपाटाकडे बघितलं, मग बादलीकडे. तिच्याकडे काही त्यांनी बघितलं नाही.

"उद्याचा पानी मी बदलीन," ते म्हणाले. "तू नको तरास घेऊ."