माळावरचं घर

शेजारच्या गावात उंदीर पडू लागले, म्हणजे प्लेग आलाच. तो आपल्या गावात शिरायच्या आत पोरीला घेऊन माळावर राहायला जायचं, असं जगदेवनं ठरवलं. माळ त्याचाच होता, पण तिथं दगडधोंड्यांशिवाय काही नव्हतं. दगड फुकटचे, माती नाल्याची, भिंती रचायला तो अन् त्याची बायको कस्तुराबाई. पैसा मोजायचा तो फक्त सागाच्या आढ्याचा अन् छपरासाठी शिरपूरच्या कुंभाराच्या कवेलूंचा. तेवढ्यातच जवळचे सतरा रुपये संपले.

शेवटचं कवेलू बसलं त्याच सकाळी त्यांच्याही गावात पहिला उंदीर पडला. जगदेवनं तडक गाडी जुंपली.

"वाकळी, कपडे, काईच घेऊ नको," तो बायकोवर ओरडला. "घरातलं घरातच राहू दे."

"अन् ज्वारीचं पोतं?"

त्याचा हात कासऱ्यावर थबकला. "नवी घ्यायले पैसा कुठी हाये आता? सारा त घरातच गेला. टाक गाडीत."

नव्या घराचं दार आतून लावलं, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला. "आता कायचंच भेव नाई," भिंतीला टेकत तो म्हणाला. कस्तुराबाईनं चूल पेटवली अन् घुगऱ्यांसाठी पसाभर ज्वारी काढायला चार वर्षांच्या रंगूला पोत्याकडं पाठवलं.



"बाबा, हे पाह्य काय सापडलं!" रंगू हसत आली. तिच्या मुठीत शेपटी होती, अन् खाली मेलेला उंदीर लोंबत होता.