पाण्यावरचं पान

"अजून एकच उडी," डबक्याकाठी पालथा पडलेला ओजस मोबाइल उलटा धरून म्हणाला.

"माझे गुडघे कामातून गेले," मृदुला म्हणाली. "उद्या विमानात तू उचलून बसवणार आहेस का मला?"

उद्या ती पीएचडीसाठी जर्मनीला निघणार होती. कॉलेजात जे तोंडाने बोलायला कधी जमलं नाही, ते ओजस आता एका फोटोतून सांगणार होता: वर आभाळात ती, खाली पाण्यात ती. कॅमेरा पाण्याला टेकेल इतका खाली यावा म्हणून मोबाइल उलटा धरायचा, ही युक्ती त्याने घरी बादलीवर घोटवली होती. मैदानातल्या गळक्या नळाने डबक्याची सोय केली होती.

तिने उडी मारली. त्याने पाण्यावर फोकस साधून फोटो काढला.

पाण्यावर तरंगणारं पिंपळाचं पान शिरेनशिरा स्पष्ट आलं होतं. मृदुला वर आणि खाली, दोन्हीकडे धुरकट होती. प्रतिबिंब पाण्यावर नसतं, वस्तू जितकी दूर तितकंच ते आत दूर असतं, हे हा फिजिक्सचा एमएस्सी क्लासमध्ये रोज घसा फोडून शिकवत होता.

"पान छान आलंय," म्हणत तिने आपला मोबाइल पुढे केला. मघाशी तिने टिपलेला ओजस त्यात होता. चिखलात मगरीसारखा पसरलेला, जीभ दातांत धरून तिच्याकडे बघणारा. नजर इतकी स्पष्ट, की सांगायचं काही उरलंच नव्हतं.

"हा डिलीट कर."

"आणि तिकडे टेबलावर काय ठेवू, पान?"