सायलेन्सर बदलल्यावर

"सायलेन्सर बदलला की इंजिनाचं ट्युनिंग करायलाच लागतं का? येवढंच सांग," धर्मराज म्हणाला.

सत्यजीतने हातातला पाना खाली ठेवला. पनवेलच्या त्याच्या गॅरेजात धर्मराज याआधी कधी आला नव्हता. दाढी वाढलेली होती, शर्ट चुरगळलेला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचं, दमयंतीचं, दहावं होतं.

दमयंती मुलाच्या, कुंदनच्या, मोटरसायकलवर मागे बसून उरणला बहिणीकडे निघाली होती. हायवे ओलांडताना कुंदनची गाडी मधेच बंद पडली. मागून ट्रेलर आला. कुंदन कडेला फेकला गेला म्हणून वाचला. दमयंती चाकाखाली गेली. त्या गाडीला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर कुंदनने महिनाभर आधी बसवून घेतला होता, याच गॅरेजात.

तेव्हापासून धर्मराज पोराशी एक शब्द बोलला नव्हता. घरात सुतक असताना, सगळ्या भावकीसमोर त्याने बहिणीला, गोदूला, सांगून टाकलं होतं. दोष गाडीत निघाला तर दहाव्यानंतर कुंदन या घरात राहणार नाही. कुंदन तिथेच भिंतीला टेकून बसला होता.

सत्यजीत नाही म्हणाला असता तर त्याची स्वतःचीही सुटका झाली असती. पण समोरच्या माणसाकडे बघून त्याला खोटं बोलवेना. त्याने समजावून सांगितलं. सायलेन्सर मोकळा केला की इंजिनात हवा जास्त येते आणि पेट्रोल कमी पडतं. काही गाड्या तेवढं चालवून घेतात. कुंदनच्या गाडीने घेतलं नाही. रेस सोडली की ती फटफट करायची आणि हळू केली की बंद पडायची. कार्बोरेटर नव्याने ट्यून करून घ्यायलाच हवा होता.

"मग तू का नाय केलंस?"

"त्या दिवशी त्याला घाई होती, काका. नंतर मी दोनदा फोन केला. गाडी घेऊन ये, अर्ध्या तासाचं काम आहे म्हटलं. येतो येतो म्हणाला."

धर्मराज उठला. अर्धा तास तर तो गॅरेजात यायला रिक्षाची वाट बघत नाक्यावर उभा होता.

घरी गोदूने विचारलं तेव्हा त्याने उद्या सांगतो म्हटलं आणि तोंड धुवायला मागे गेला.

सकाळी सगळे गाढी नदीवर जमले. कुंदनचं मुंडण झालं. केस गेल्यावर कानामागचे टाके उघडे पडले. भटजी सांगतील तसं तो पाणी सोडत होता, पीठ मळल्यासारखा भात मळत होता. पिंड मांडले. शेजारी दमयंतीच्या आवडीचा चहा पेल्यात ठेवला. मग सगळे मागे सरकून उभे राहिले.

कावळे होते. समोरच्या झाडावर ओळीने बसले होते. एकही खाली येईना.

"वैनीला चहात साखर कमी लागली आसंल," दाजी म्हणाला. तो धर्मराजचा चुलतभाऊ. कोणी हसलं नाही. त्यानेही मान खाली घातली.

मग ज्याने त्याने पुढे होऊन हात जोडले. मागे काही राहिलं असेल तर ते कबूल केल्याशिवाय कावळा शिवत नाही, असं सगळेच मानत होते. गोदूने सांगितलं, तुझ्या लेकीचं, पूर्वीचं, लग्न तुझ्या मनासारखं करून देऊ. पूर्वी रडत म्हणाली, मी बाबांना सोडून कुठे जाणार नाय. दाजीने देवीची ओटी भरायचं कबूल केलं. ऊन चढत गेलं. भाताला माश्या लागल्या.

शेवटी कुंदन पुढे झाला.

"आई, मी घर सोडून जातो. बाबांना त्रास नाय देणार. तू शीव आता."

गोदूने तोंडाला पदर लावला. झाडावरचा एक कावळा उडाला आणि पलीकडच्या काठाला गेला.

आता सगळे धर्मराजकडे बघत होते. तो काय बोलणार ते सगळ्यांना माहीत होतं. सत्यजीतकडे तो कशासाठी गेला होता, तेही माहीत होतं. गोदू हळूच म्हणाली, "दादा, तू बोल."

धर्मराज पिंडांसमोर जाऊन उभा राहिला. बोलायचं ते त्याने रात्रीच ठरवून ठेवलं होतं. शेजारी कुंदन उभा होता. ओल्या धोतराचं पाणी त्याच्या पायांवरून गळत होतं. धर्मराजने हात जोडले.

"गाडीत दोष नव्हता," तो म्हणाला. "मी काल विचारून आलो. त्या सायलेन्सरला ट्युनिंग लागतच नाय. पोराचा कायी दोष नाय."

मागे कुजबुज झाली आणि थांबली. कावळा आला नाही. भटजींनी थोडा वेळ वाट पाहिली, मग खाली बसून दर्भाचा कावळा वळायला घेतला.

कुंदन बापाच्या जवळ सरकला. दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो म्हणाला, "बाबा, मला सत्यजीतने दोनदा सांगितलं होतं."

धर्मराजने नदीकडे बघतच त्याचा दंड धरला.

"मला त्याने नाय सांगितलं."